निदानाआधीची सहा वर्षं (एमएस)

फास्ट_डोंबिवली

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे हे कळून दीड वर्ष झालं. त्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, "याआधी कधी काही झालं होतं?" मी ठामपणे म्हटलं, "नाही, काहीच नाही." शेजारी नवरा बसला होता. तो म्हणाला, "अगं, डोळ्याचं?" मग मानेचं आठवलं. मग हाताचं. घरी येऊन कपाटावरची पिशवी काढली तर सहा वर्षांचे कागद निघाले. हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर. ज्याने त्याने आपापला अवयव तपासला होता. सगळे कागद एका टेबलावर कुणी मांडलेच नव्हते. मीही नाही.

म्हणून हा धागा. माझं सांगते, मग तुमचं लिहा.

2017 चा पावसाळा. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. दोन-तीन दिवसांत बधिरपणा तळहातावर आला. पोळ्या करताना लाटणं धरलंय की सुटलंय हे बघून कळायचं. त्याच आठवड्यात आणखी एक गंमत सुरू झाली. मोबाइल बघायला मान खाली घातली की मानेतून पाठीच्या कण्यात आणि तिथून मांड्यांपर्यंत वीज उतरायची. क्षणभरच. मान वर केली की बंद. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून स्पॉन्डिलोसिस सांगितलं आणि मानेला पट्टा दिला. पट्टा घातला की मान वाकायची नाही, मान वाकली नाही की वीज यायची नाही. म्हणजे औषध बरोबर लागू पडलं! हातही महिन्याभरात आपला आपण सुधारला. सगळं श्रेय पट्ट्याला. तो पट्टा मी पुढे दोन जणींना वापरायलाही दिला.

2019 चा मार्च. डावा डोळा. आधी डोळा इकडेतिकडे फिरवला की मागून ठणका. दोन दिवसांनी बटर पेपरमधून बघितल्यासारखं दिसायला लागलं. सकाळी देवापुढे बसले होते, उजव्या डोळ्यात उदबत्तीचा धूर गेला म्हणून तो मिटला, आणि करंड्यातलं कुंकू विटकरी दिसलं. धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखं. उजवा उघडला तर लालभडक. पुन्हा मिटला, पुन्हा विटकरी. निरांजन विझेपर्यंत मी हाच खेळ करत बसले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बरोबर ओळखलं. कागदावर चक्क 'ऑप्टिक न्यूरायटिस', म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, लिहिलंय आणि खाली 'मेंदूचा एमआरआय करून घ्यावा' असंही. स्टिरॉइडची सलाइनं झाली, दीड महिन्यात दिसायला लागलं. मुलाची दहावी चालू होती, एमआरआयचा खर्च डोळ्यांपुढे होता आणि डोळा तर बरा झाला होता. नाही केला. यात डॉक्टरांचा काही दोष नाही, तो कागद माझ्याच पिशवीत होता.

त्या मेमध्ये स्टेशनचा जिना चढून वर आले की डावा डोळा धूसर. फोर्टच्या ऑफिसात एसीत दहा मिनिटं बसले की साफ. मी समजत होते की चष्म्यावर घाम येतो. चष्मा पुसायचे.

नंतर थकवा. तो 2021 चा, म्हणजे तेव्हा सगळं जगच थकलेलं होतं, त्यामुळे त्याचं कुणाला काय. लघवीचं मात्र लिहायला हवं, कारण हे बायका सांगत नाहीत. आली की आली, थांबवता यायची नाही. डोंबिवलीहून सीएसएमटी सव्वा तास धरा, लोकलमध्ये काही सोय नाही. मग मी सकाळी पाणी पिणंच सोडलं. डब्यातल्या निम्म्या जणी तेच करतात, त्यामुळे त्यातही वेगळं काही वाटलं नाही.

आणि 2022 मध्ये चप्पल. दादरच्या पुलावर गर्दीतून चालत होते. मागून एक मुलगी ओरडत आली, "काकू, तुमची चप्पल!" डाव्या पायातली चप्पल वीसेक पावलं मागे पडली होती. मी त्या ओल्या, पिचकाऱ्यांनी रंगलेल्या पुलावर अनवाणी पायाने चालत होते आणि मला पत्ता नव्हता. घरी सगळ्यांना हसून सांगितलं. नवी चप्पल आणली, एक नंबर लहान.

2023 च्या डिसेंबरात कमरेखाली दोन्ही पाय बधिर झाले आणि बरगड्यांखाली कुणीतरी ओला पंचा पिळून करकचून बांधलाय असं वाटायला लागलं. तेव्हा मेंदू आणि मणक्याचा एमआरआय झाला. काही डाग नवे होते, बरेच जुने.

प्रत्येक वेळी ते आपोआप गेलं आणि गेलं म्हणून मी विसरले. तुमच्यापैकी कुणाला मागे वळून असं काही दिसतं का?

पेरूचीफोड

वाचतेय. चप्पलचं दोनदा वाचलं.

कट्ट्यावरचा_कावळा

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, काळजी घ्या. पण असे धागे आले की माझ्यासारख्याची पंचाईत होते. मुंग्या कुणाला येत नाहीत? थकवा कुणाला नाही? विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने बसून या, पाय बधिर होतोच. आता हे वाचून उद्या अर्धी मुंबई एमआरआयच्या रांगेत.

फास्ट_डोंबिवली

कावळा, रास्त आहे. मीही हेच म्हणत होते. सहा वर्षं.

उशिराची_ओपीडी

मी न्यूरॉलॉजीत काम करतो. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आत काय होतं ते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती हेच वेष्टण कुरतडते. जिथे सूज येते तिथला संदेश अडखळतो. हात, डोळा, मूत्राशय, तोल, काहीही. मग सूज उतरते, थोडीफार डागडुजी होते आणि माणूस 'बरा' होतो. पॅरिसच्या शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराची नीट मांडणी केली, तेव्हापासून डॉक्टरांना चकवणारी गोष्ट हीच आहे, जागा बदलते आणि मधे सगळं शांत असतं. बहुतेकांना सुरुवात 20 ते 40 या वयात होते आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं.

आता कावळा यांच्या मुंग्या. चौथ्या सीटच्या मुंग्या उठून उभं राहिलं की दोन मिनिटांत जातात. एमएसचा झटका तसा नसतो. तो काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातो, निदान 24 तास टिकतो, बहुतेक वेळा काही आठवडे राहतो आणि मग हळूहळू ओसरतो. अंगात ताप किंवा संसर्ग असताना जुनीच लक्षणं डोकं वर काढतात, ती वेगळी धरायची. 'सकाळी करंगळी, परवा तळहात, महिन्याने ठीक' हे ताईंचं वर्णन अगदी नमुनेदार आहे. उलट, क्षणात तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडलं, तर तो पक्षाघात धरून त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठायचं. तिथे कागद लावत बसायचं नाही.

मान वाकवल्यावरची वीज म्हणजे लेर्मिट खूण. ती क्षणभरच असते पण दिवसेंदिवस येत राहते. ताईंच्या हाडांच्या डॉक्टरांना फार बोल लावू नका, मानेतली गादी सरकली किंवा बी-12 कमी झालं तरीही हीच वीज येते. आणि जिना चढल्यावर डोळा धूसर होणं, ही तर जुनी ओळखीची गोष्ट. 1890 मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने श्रमानंतर नजर अशी मंदावते हे नोंदवलं. वेष्टण गेलेल्या तंतूला थोडीशी उष्णतासुद्धा पेलत नाही. हा नवा झटका नव्हे, थंडाव्यात बसलं की उतरतं. पूर्वी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे. मुंबईत मे महिना ते काम फुकट करतो.

हळदुगी

आमच्या घरातलं. धाकटा भाऊ, तेव्हा 31 चा. उजव्या गालात सुरी फिरवल्यासारखी कळ यायची, ब्रश लावला की, गार वारा लागला की. दोन दाढा काढल्या. एकाही दाढेत कीड नव्हती हे काढल्यावर कळलं. कळ तशीच. मग गोळ्यांनी थांबली आणि आम्ही विसरलो. तीन वर्षांनी त्याला एकाची दोन माणसं दिसायला लागली, क्रिकेटमध्ये दोन बॉल. तो म्हणाला, "दोन्ही सोडले." तेव्हा एमएस निघालं. म्हातारपणी ही कळ येते म्हणे, पण तरुण वयात आली तर एमआरआय करायला हवा होता, असं आता सगळे सांगतात.

उशिराची_ओपीडी

हळदुगी, हो. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची ही कळ, तरुण माणसात दिसली की एमएसची शंका घ्यावी लागते.

मधली_सीट

थोडी वेगळी भर घालते. मला चार वर्षं एमएसची पेशंट म्हणून धरलं होतं, निघालं एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार.

माझी सुरुवात उचकीने झाली. हसू नका. सलग नऊ दिवस उचकी आणि उलट्या. आजी म्हणायची, कुणीतरी आठवण काढतंय. नववा दिवस उजाडला तेव्हा म्हणाली, आता पुरे झालं म्हणावं त्याला. एंडोस्कोपी झाली, पोट स्वच्छ. हळूहळू थांबलं. चार महिन्यांनी एका रात्रीत डोळा पूर्ण गेला. एमएसमध्ये जसं धुरकट होतं तसं नाही, काळोख. नंतर कुणीतरी एक्वापोरिन-4 नावाच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी सुचवली, ती पॉझिटिव्ह आली. मेंदूच्या खालच्या टोकाला उलटीचं केंद्र असतं, तिथे सूज आल्याने ती उचकी होती.

हे सांगायचं कारण असं की दोन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत. एमएसची काही इंजेक्शनं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, एनएमओमध्ये उलट अपाय करतात. तेव्हा 'एमएससारखंच आहे' एवढ्यावर थांबू नका.

उशिराची_ओपीडी

मधली_सीट यांनी फार मोलाचं लिहिलंय. ही अँटिबॉडी 2004 मध्ये सापडली. त्याआधी कितीतरी एनएमओ रुग्ण एमएसच्याच फायलीत होते. मॉग नावाची अजून एक अँटिबॉडी आहे. आपल्याकडे हे दोन्ही तपासल्याशिवाय, शिवाय क्षयरोग, बी-12, ल्युपस वगैरे बाजूला काढल्याशिवाय एमएसचं नाव घ्यायला आम्ही कचरतो. लोकांना वाटतं डॉक्टर वेळ काढतात.

ग्रँटरोड_पूर्व

माझ्या पारशी साहेबांच्या बहिणीला एमएस होतं. त्यांच्यात जास्त असतं असं ऐकलंय, खरं की गावगप्पा?

उशिराची_ओपीडी

खरं. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात पाहणी केली होती, ती 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. बाकी भारतीयांपेक्षा प्रमाण बरंच जास्त आढळलं. पण म्हणून 'हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्या जोशी-पाटलांना कुठला' असं मानण्याचे दिवस गेले. ओपीडीत सगळी आडनावं येतात.

पेरूचीफोड

डॉक्टर, एक विचारायचं होतं. डोळ्याचं एकदाच झालं, पूर्ण बरं झालं, तर पुढे एमएस होतंच का?

उशिराची_ओपीडी

होतंच असं नाही. अमेरिकेत ऑप्टिक न्यूरायटिसच्या रुग्णांचा 15 वर्षं पाठपुरावा केला होता. एकूण निम्म्यांना पुढे एमएस झाला. पण सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नव्हता त्यांच्यात हे प्रमाण 25 टक्के होतं आणि एक जरी डाग होता त्यांच्यात 72 टक्के. आपल्याकडे एनएमओ, मॉगचा वाटा मोठा असल्याने हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण डोळ्यांचे डॉक्टर बऱ्या झालेल्या डोळ्यासाठी मेंदूचा एमआरआय का लिहितात ते यातून कळेल. डोळा नव्हे, पुढचं बघायचं असतं.

निदानाचे जे निकष आहेत, मॅकडोनाल्ड निकष म्हणतात, 2001 पासूनचे, त्यांचा गाभा साधा आहे: मज्जासंस्थेत वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी घाव झाल्याचा पुरावा. 2017 पासून पाठीतलं पाणी तपासून मिळणारा पुरावाही 'वेळे'च्या जागी चालतो. 2024 च्या सुधारणेत डोळ्याची नसही जागांमध्ये धरली गेली. ताईंच्या पिशवीत जागेचा आणि वेळेचा, दोन्ही पुरावे होते, फक्त तारखांसकट कुणी वाचले नव्हते.

अस्वस्थ_चोविशी

मी 24. दोन आठवडे उजवी पापणी फडफडतेय. शिवाय रात्री हाताला मुंग्या, झटकला की जातात. काल रात्री हा धागा वाचला आणि झोपलो नाही. लाल रंग दोन्ही डोळ्यांनी वीस वेळा तपासला. मला एमएस आहे का?

कट्ट्यावरचा_कावळा

सांगितलं होतं मी.

उशिराची_ओपीडी

अस्वस्थ, पापणी फडफडण्यामागे बहुतेक वेळा जागरण आणि चहा असतो. झटकल्यावर जाणाऱ्या मुंग्या मनगटात नस दबल्याच्या असतात. शाकाहारी असाल तर बी-12 करून घ्या, आपल्याकडे मुंग्यांमागे तेच जास्त सापडतं. फॅमिली डॉक्टरांकडे जा, थेट एमआरआय नको. मायग्रेन, बीपी, वय यांनीही मेंदूत पांढरे ठिपके दिसतात आणि मग नसलेल्या आजाराच्या मागे लोक वर्षभर फिरतात. आणि लाल रंग बघणं थांबवा.

तिसरी_पाळी

जाणकारांना प्रश्न. पहिल्या झटक्याच्याही आधी शरीरात काही चालू असतं का? माझ्या बायकोला निदानाच्या आधीची काही वर्षं सारखं काही ना काही होतं. मायग्रेन, झोप नाही, मूड, अंगदुखी. घरचे म्हणायचे, हिचं रोज नवीन.

उशिराची_ओपीडी

असावं. कॅनडातल्या आरोग्यनोंदी तपासल्यावर दिसलं की पहिल्या झटक्याच्या आधीच्या पाच वर्षांत ही मंडळी इतरांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरांकडे आणि हॉस्पिटलात गेली होती. तक्रारी मात्र अशाच, कुठल्याही एका खणात न बसणाऱ्या. मुळाशी जायचं तर 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास आला. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका 32 पटींनी वाढलेला आढळला. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो आणि एमएस फार थोड्यांना होतो, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. पण मायग्रेन आणि निद्रानाशावरून आधी ओळखण्याइतकी ही खूण नेमकी नाही. तुमच्या पत्नीला त्या वर्षांत खरंच त्रास होत होता, एवढं घरच्यांना जरूर सांगा.

तिसरी_पाळी

सांगतो. आईला आधी.

केसपेपर_क्रमांक

थोडं व्यवहाराचं. खासगीत न परवडणाऱ्यांसाठी केईएम, नायर, सायन, जेजे इथे न्यूरॉलॉजी ओपीडी आहे. ठरलेल्या वारी जा, सकाळी लवकर जा. मी एका ए-फोर कागदावर डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे काय झालं, किती दिवस टिकलं, कुठली बाजू, एवढंच लिहून नेलं होतं. तपासणाऱ्या निवासी डॉक्टरीणबाईंनी तो कागद केसपेपरला स्टेपल केला. पाच मिनिटांच्या भेटीत इतकं कोण ऐकणार होतं?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, त्रास टिकून असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एमएस सोसायटी ऑफ इंडियाचं कामही मुंबईतूनच सुरू झालं, तिथे आपल्यासारखी माणसं भेटतात. मला तरी तिथली गप्पांची दुपार गोळ्यांइतकी लागू पडली.

आणि मेडिक्लेम निदानाच्या आधी काढलेला असला तर देव पावला. जुनी लक्षणं फॉर्मवर लपवू नका, दाव्याच्या वेळी जुने कागद बरोबर बाहेर येतात.

फास्ट_डोंबिवली

केसपेपर, तुमचा कागद आवडला. मी आता कॅलेंडरवर लिहिते. दूधवाल्याच्या खुणांच्या शेजारी. 'डा. पाय, 3 दिवस.' सासूबाईंना वाटतं दुधाचा हिशेब आहे.

हल्ली कशी आहे असं दोघांनी विचारलंय. सहा महिन्यांनी एकदा इन्फ्यूजन, म्हणजे सलाइनमधून औषध, मधे झटका नाही. डावा पाय संध्याकाळी ओढतो. मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्यात.

अस्वस्थ_चोविशी

बी-12 आलं 140. इंजेक्शनं सुरू केली. पापणी अजून फडफडतेय.

कट्ट्यावरचा_कावळा

फडफडू दे. झोप.

पेरूचीफोड

पहिल्या दिवशी नुसतं 'वाचतेय' लिहिलं होतं, कारण पुढचं लिहवेना. माझा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी असाच झाला होता. कागद तसाच, एमआरआय लिहिलेला. बरं वाटलं म्हणून राहिला. गेल्या महिन्यापासून आंघोळीला गरम पाणी उजव्या पायावर कोमट लागतंय. बादली एकच. काल फोन करून नंबर लावला, उद्या सव्वा तीनची वेळ मिळालीय. ताई, आत काय होतं? मला लिफ्टमध्येसुद्धा जीव घाबरतो.

फास्ट_डोंबिवली

अगं बाई. बरं केलंस नंबर लावलास.

ऐक. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं घरीच ठेव, तिथे कुणाच्या हातात द्यायचं हा घोळ नको. केसांतल्या पिना सगळ्या मोजून काढ. ब्लाउजला, परकराला सेफ्टी पिन लावायची सवय असेल तर तीही बघ, माझी तिथे निघाली होती आणि बाहेर उभी असलेली बाई माझ्यावर वैतागली होती. शरीरात कुठे धातू बसवलेला असेल, गरोदर असशील, किडनीचं काही असेल तर आधी सांग, कारण मधे कंट्रास्टचं इंजेक्शन देतात.

आत जायच्या आधीच डोळे मिटून घे, आत गेल्यावर मिटू म्हणून थांबू नकोस. त्यांना डोळ्यांवर रुमाल घालायला सांग. आवाज प्रचंड असतो, शेजारी फ्लॅटमध्ये टाइल्स फोडतायत असं समज, आपल्याला त्याची सवय आहे. हातात एक फुगा देतात, दाबला की ते थांबवतात. मी एकदा दाबला होता. कुणी काही बोललं नाही.

फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घे. येताना गर्दीची लोकल पकडू नकोस, फिल्म दुमडते. माझी ठाण्याला दुमडली होती. कुठून येणार आहेस? सोबत कुणी नसेल तर मी तीनपर्यंत पोचू शकते, उद्या माझी सुट्टी आहे.

पेरूचीफोड

कुर्ल्याहून. या ना.